रात्रभर बंब कशाला पेटता ठेवायचा?

पत्र

स. न. वि. वि. माझी लेक आणि जावई टोरांटोजवळ राहतात. नातू सात महिन्यांचा आहे. रोज सकाळी साडेआठला आमचा व्हिडिओ कॉल असतो, तेव्हा तिकडे रात्रीचे दहा वाजलेले असतात. नेमकं त्याच वेळी जावई घराचं तापमान ठरवणारा भिंतीवरचा थर्मोस्टॅट 21 अंशांवरून 17 वर आणतात. गॅस वाचतो म्हणतात. लेकीचं म्हणणं असं की पहाटे तो पुन्हा 21 वर नेला की तळघरातला फर्नेस, म्हणजे घर तापवणारी गॅसची भट्टी, तासभर धडधडत राहतो, म्हणजे वाचलेलं सगळं तिथेच जातं, वर लेकरू रात्रभर गारठतं ते वेगळंच. आमचे हे लेकीच्या बाजूने. तापलेलं घर गार होऊ द्यायचं आणि पुन्हा तापवायचं म्हणजे दुप्पट इंधन, असं त्यांचं ठाम मत. याच हिशेबाने उन्हाळ्यात बाहेर जातानाही ते आमच्याकडचा एसी बंद करू देत नाहीत. परवा कॉलवर ते जावयांना जरा जोरात बोलले. तेव्हापासून जावई कॉलवर येत नाहीत. मी नातवाच्या पांघरुणासाठी दोन सोलापुरी चादरी पाठवल्या आहेत. खरं कोणाचं? आणि मी काय करावं?
– एक आजी, जुळे सोलापूर

उत्तर

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. हिशेब जावईबापूंचा बरोबर आहे. रात्री घर गार होऊ दिलं तर गॅस वाचतो, आणि सकाळी घर तापवताना तो सगळा परत जात नाही. दाजींचं म्हणणं चुकीचं आहे. तुम्हाला ताई म्हटलं, म्हणून त्यांना दाजी म्हणायचा हक्क घेतो. पण ही समजूत त्यांच्या एकट्याची नाही. चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांकडून, अगदी एसी दुरुस्तीला येणाऱ्यांकडूनही मी ती ऐकली आहे. म्हणून ती चूक कुठे आहे ते नीट सांगायला हवं.

तुमच्या माहेरी बंब असेलच. आमच्याकडे तांब्याचा होता, मागच्या दाराशी. आई पहाटे पाचला उठून त्यात गोवरीचा तुकडा आणि तुरकाट्या घालायची. साडेसहाला पहिली आंघोळ. दुपारपर्यंत बंब विझून जायचा आणि दुसऱ्या पहाटे पाणी पुन्हा थंडगार. रात्रभर थोडं थोडं जळण घालत राहिलं तर सकाळी कमी लागेल, असं तिच्या कधी मनातही आलं नाही. बंब रात्रभर कढत ठेवायचा तर रात्रभर त्याच्या अंगातून ऊब बाहेर जात राहणार आणि ती भरून काढायला जळण जात राहणार, हे तिला हाताला कळत होतं. लेकीचं घर म्हणजे असाच एक मोठा बंब आहे. तापवायचं ते आतल्या माणसांसाठी, आणि माणसं पांघरुणात असतात तेव्हा तेवढी ऊब लागत नाही.

दाजींना मात्र बंब पुरणार नाही. त्यांना ड्रम दाखवा.

आपल्या गावात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे निळा ड्रम घरोघरी आहे. समजा त्याच्या तोटीचा वायसर गेला आहे आणि ती ठिबकते आहे. ड्रम काठोकाठ असतो तेव्हा पाणी जवळजवळ धारेनेच पडतं. अर्ध्यावर आला की थेंब मंदावतात. तळाशी आला की दोन थेंबांच्या मध्ये तुम्ही श्वास घेऊ शकता. आता रात्री कोणालाच पाणी लागणार नाही. अशा वेळी दर अर्ध्या तासाला उठून तांब्या-तांब्या ओतून ड्रम काठोकाठ ठेवायचा, की पातळी उतरू द्यायची आणि सकाळी एकदम चार बादल्या ओतायच्या? सकाळच्या चार बादल्या डोळ्यांत भरतात. रात्रभर ओतलेले तांबे कोणी मोजत नाही. पण पातळी उतरू दिली त्या रात्री गळती कमी झाली, कारण पाण्याचा जोर कमी होता. तेवढं पाणी वाचलं, आणि सकाळच्या बादल्यांनी ते वाचलेलं पाणी परत जात नाही.

घराची गळती अशीच असते. भिंती, खिडक्या, छप्पर, दाराच्या फटी यांतून ऊब बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या तापमानात जेवढा फरक असेल तेवढ्या जोराने. न्यूटनने 1701 साली मांडलेला थंड होण्याचा नियम तो हाच. तुमच्या लेकीच्या घराचाच आकडा घेऊ. बाहेर उणे 5 आणि आत 21, म्हणजे फरक 26 अंशांचा. आत 17 झालं की फरक 22 चा. त्या वेळात घरातून बाहेर जाणारी ऊब 15 टक्क्यांनी कमी होते. पण हे फक्त रात्रीच्या आठ तासांपुरतं, म्हणून दिवसभराच्या हिशेबात बचत 5 टक्क्यांच्या आसपास बसते. आणि थर्मोस्टॅट खाली आणला म्हणून घर लगेच 17 वर येत नाही, हळूहळू उतरतं, त्यामुळे प्रत्यक्षात याहूनही थोडी कमी.

अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं की रोज आठ तास तापमान 7 ते 10 फॅरनहाइट अंशांनी, म्हणजे साधारण 4 ते साडेपाच सेल्सिअस अंशांनी, खाली ठेवलं तर वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. जावईबापूंनी हा आकडा कुठेतरी वाचलेला असणार. तो खरा आहे, पण त्यातला ‘पर्यंत’ विसरायचा नाही. बाहेर 8 अंश असतील तर 4 अंशांच्या उतरणीने फरक 13 वरून 9 वर येतो, म्हणजे गळती जवळपास 30 टक्क्यांनी घटते. म्हणून सौम्य थंडीच्या गावात टक्के मोठे दिसतात आणि कडाक्याच्या थंडीत लहान. टोरांटोकडे टक्के लहान असले तरी बिलच मोठं असतं, तेव्हा पैसे नाममात्र नाहीत. त्यासाठी घरात अबोला धरावा इतके मात्र ते नक्कीच नाहीत.

कॅनडातच, ओटावा शहरात, संशोधनासाठी एकसारखी दोन घरं शेजारी शेजारी बांधलेली आहेत. एका घरात तापमान कायम एक ठेवायचं, दुसऱ्यात रात्री उतरवायचं, असा प्रयोग तिथे झालेला आहे. उतरवलेल्या घरात गॅस कमी जळला. दाजींना कागदावरचं गणित पटत नसेल तर हे सांगा.

राहिला तो तासभर धडधडणारा फर्नेस. लेक खोटं बोलत नाही, तो खरंच धडधडतो. पण तो आवाज तिला पहाटे ऐकू येतो कारण ती जागी असते. 21 वर ठेवलेल्या घरात हाच फर्नेस रात्रभर दर थोड्या वेळाने पाच-दहा मिनिटं पेटत राहिला असता, आणि तो आवाज झोपेत कोणी ऐकला नसता. साधा फर्नेस पेटला की एकाच जोराने जळतो. तो किती वेळ जळला एवढाच प्रश्न, आणि रात्रीची सगळी मिनिटं सकाळच्या तासाशी जोडून पाहिली तर उतरवलेल्या घराची बेरीज कमी येते. शिवाय एक सलग तास जळणं हे वीस वेळा पेटून विझण्यापेक्षा त्याला सोयीचंच असतं. लेकीला एक सांगाल? थंडी वाजते म्हणून पहाटे थर्मोस्टॅट 26-27 वर नेऊ नये. त्याने घर लवकर तापत नाही. फर्नेस तेवढीच ऊब देतो, फक्त 21 ला थांबायच्या ऐवजी पुढे जळत राहतो. घर उठायच्या वेळी उबदार हवं असेल तर थर्मोस्टॅटवर पहाटे पाचची वेळ लावून ठेवावी.

दाजींच्या समजुतीचं मूळ कुठे असेल, याचा मी बराच विचार केला. आपल्याकडे चुलीतला विस्तव रात्री राखेखाली झाकून ठेवायची पद्धत होती. सकाळी राख बाजूला सारून फुंकर घातली की चूल पेटायची. विस्तव विझू देऊ नये हे त्यातूनच अंगवळणी पडलेलं. पण तो झाकलेला निखारा चूल तापती ठेवायला नव्हता, तर काडी वाचवायला आणि पेटवायचा त्रास टाळायला होता. चूल स्वतः रात्रभर गारच असायची. फर्नेसचं पेटवणं आपोआप होतं, तेव्हा तो त्रासही उरला नाही.

जावईबापूंचा हिशेब जिथे चुकू शकतो ती जागाही सांगतो. तिकडे आता अनेक घरांत गॅसऐवजी हीट पंप बसतात. आपल्या एसीसारखंच ते यंत्र, उलटं चालणारं, बाहेरच्या थंड हवेतूनही ऊब ओढून आत आणणारं. एक युनिट वीज घेऊन ते दोन-तीन युनिटांची ऊब देतं. पण पहाटे त्याच्याकडून एकदम 4 अंश मागितले तर त्याला जोडलेली साधी विजेची कॉइल मदतीला सुरू होते, आणि ती एका युनिटला एकच युनिट देते. रात्री वाचवलेलं सकाळी तिच्यात जाऊ शकतं. तेव्हा उद्या त्यांनी हीट पंप घेतला तर रात्री एखाद-दोन अंशच उतरवावं, किंवा त्याच कामासाठी बनवलेला थर्मोस्टॅट लावावा. फरशीखालून नळ्यांनी तापणाऱ्या घरांचंही असंच. ती इतकी सावकाश तापतात आणि निवतात की आठ तासांत फारसं काही हाती लागत नाही. आणि घर कितीही वाचवणारं असलं तरी 15-16 च्या खाली जाऊ देऊ नये. काचांवर पाणी धरतं, कोपऱ्यांत बुरशी येते, आणि बाहेर उणे 20 असताना बाहेरच्या भिंतीतले पाण्याचे नळ गोठून फुटू शकतात. त्या एका दुरुस्तीत कैक हिवाळ्यांची बचत जाईल.

आता नातवाचं. खरं तर हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये थंडीच्या दिवसांत घरात किमान 18 अंश असावेत अशी शिफारस केली आहे. तान्ह्या बाळाच्या झोपायच्या खोलीसाठी ब्रिटनमध्ये 16 ते 20 अंश योग्य मानतात. आपल्याला 20 म्हणजे हुडहुडी वाटते, पण बाळाला अति ऊब देणं थंडीइतकंच टाळायचं असतं. म्हणून माझं सांगणं, रात्री 17 ऐवजी 18 ठेवा. बचतीत एका अंशाचा फरक पडेल, तो पडू द्या. आणि थर्मोस्टॅटवरच्या आकड्यावर विसंबू नका. तो बहुधा मधल्या बोळात असतो. बाळाची खोली कोपऱ्यातली, दोन बाजूंनी बाहेरच्या भिंतींची असेल तर तिथे थर्मोस्टॅटपेक्षा दोन अंश कमी असू शकतात. एक साधा थर्मामीटर पाळण्याजवळ, हात पोचणार नाही असा ठेवायला सांगा आणि पहाटे चारला तो काय दाखवतो ते बघायला सांगा. मान आणि छाती हाताला कोमट लागली की बाळ ठीक आहे. हातपाय गारसर असणं हे काही गारठल्याचं लक्षण नाही.

चादरीबद्दल लिहिताना मला जड जातं, कारण ती तुम्ही कोणत्या मायेने पाठवली असेल ते मला कळतं. आपल्या गावची चादर म्हणजे आपल्याला आईच्या पदराहून कमी नाही. पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात ती घालू नये. एवढ्या लहान बाळाच्या अंगावर कोणतंच सुटं पांघरूण नको. झोपेत ते तोंडावर ओढलं गेलं तर बाळाला ते दूर करता येत नाही. त्यापेक्षा अंगात घालायची, चेन लावायची झोपपिशवी तिकडे सहज मिळते, 18 अंशांसाठी नेमकी किती जाडीची घ्यायची ते तिच्यावर छापलेलं असतं. लेकीला आजच हे सांगा.

चादरी वाया जाणार नाहीत. तुमच्या पत्रातलं लेकीचं वाक्य मी तीनदा वाचलं. ‘वर लेकरू रात्रभर गारठतं.’ मला वाटतं, तिचा मुद्दा गॅसचा नाहीच. रात्री दोनदा, तीनदा उठून बाळाला पाजायला कोण बसतं? जावईबापू 17 अंशांत पांघरुणाखाली असतात. ती खुर्चीत बसलेली असते, खांदे उघडे, पाय जमिनीवर. त्या घरात रात्री थंडी फक्त तिला वाजते, आणि तिने ती बाळाच्या नावाने सांगितली, कारण स्वतःच्या नावाने सांगितली असती तर ‘स्वेटर घाल’ एवढंच उत्तर मिळालं असतं. हे मी पत्रावरून ओळखतो आहे, चुकतही असेन. तुम्ही आई आहात, तुम्ही विचारा. तिचे बाबा शेजारी नसताना विचारा. आणि खरं निघालं तर एक चादर त्या खुर्चीवर कायमची टाकून ठेवायला सांगा, दुहेरी घडी करून, खांद्यांवरून गुडघ्यांपर्यंत येईल अशी. दुसरी त्या दोघांच्या पलंगावर.

उन्हाळ्यातल्या एसीचा प्रश्न तुम्ही जाता जाता लिहिलात, पण तुमच्या बिलात तो मोठा आहे. नियम तोच, फक्त गळती उलट्या दिशेने. मे महिन्यात बाहेर 42 आणि आत 24 असेल तर 18 अंशांच्या जोराने ऊन आत घुसत असतं. दुपारी तीन तास घरात कोणी नसताना एसी चालू ठेवला तर तो रिकाम्या खोलीसाठी तीन तास ते ऊन उपसत बसतो. बंद केला तर खोली तापते, आणि जसजशी तापते तसतसं बाहेरून येणारं ऊन मंदावतं. परत आल्यावर एसी पहिला अर्धा-पाऊण तास जोर लावेल. तरीही एकूण युनिट कमीच पडतील. आपल्या गच्चीच्या स्लॅबने दिवसभर ऊन प्यायलेलं असतं, ते तो संध्याकाळी खोलीत सोडतो, त्यामुळे सातच्या सुमाराला एसी लावला की आता हा कधी थंड करणार असं वाटतं. तो दोष बंद ठेवण्याचा नाही, स्लॅबचा आहे. गच्चीवर उन्हाळ्याआधी पांढरा चुना मारा. जुन्या माळवदाच्या घरात राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, तिथे हातभर मातीच ते काम करायची. दहा-पंधरा मिनिटं दुकानात जायचं असेल तर बंद करा किंवा करू नका, फरक नगण्य. तासाभराच्या वर असेल तर बंदच. आणि तो 24 वर ठेवा, सोबत पंखा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने एसीचा एक अंश वाढवला की वीज सुमारे 6 टक्के वाचते, आणि 2020 पासून नवे एसी सुरू केल्यावर 24 वरच येतात ते यासाठीच.

बाथरूमच्या गिझरचंही हेच. 25 लिटरच्या टाकीतलं पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला एक युनिट लागतं. आंघोळीच्या आधी लावा, नंतर बंद करा.

राहता राहिली ती दोन माणसं. जावयांना जोरात बोलणं दाजींकडून झालं, आणि तेही ज्या मुद्द्यावर ते चूक होते त्यावर. पण तुम्ही दाजींना ‘बघा, जावईच बरोबर निघाले’ असं हे उत्तर वाचून दाखवू नका. वाचून दाखवलंत तर ते न्यूटनशीही भांडतील. त्यांना आकडे द्या आणि ते त्यांनाच लिहायला लावा.

असं करा. जावईबापूंनी रोज रात्री दहाला गॅसच्या मीटरचा फोटो पाठवायचा. आठ दिवस थर्मोस्टॅट रात्रंदिवस 21 वर, पुढचे आठ दिवस रात्री 18 वर. पहिल्या आठ दिवसांत लेकीला उबेत पाजताही येईल. दाजींनी इथे वहीत तीन रकाने आखायचे. पहिल्यात त्या दिवशी जळलेला गॅस, दुसऱ्यात तिथलं दिवसभराचं सरासरी तापमान, तिसऱ्यात 21 मधून ते सरासरी तापमान वजा करून येणारा आकडा. सरासरी उणे असेल तर ती मिळवायची, म्हणजे उणे 5 असेल तर 26. प्रत्येक दिवसाच्या गॅसला या तिसऱ्या आकड्याने भागायचं. एखादा आठवडा जास्त थंड गेला तरी त्यामुळे तुलना बिघडत नाही. आंघोळीच्या पाण्याचा गॅस त्याच मीटरवर असेल तर तो दोन्ही आठवड्यांत साधारण सारखाच धरायचा. सोळा दिवसांनी दोन सरासऱ्या समोरासमोर ठेवायच्या. घरात कोणालाच कोणाला हरवावं लागणार नाही.

पहिला फोन दाजींनी करावा, सकाळी साडेआठलाच. माफी शब्दांत मागणं त्यांना जमत नसेल तर लगेच मागायलाही लावू नका. वही उघडी ठेवून त्यांनी जावयांना विचारावं, ‘आजचं रीडिंग किती आलं?’